घाण्याची वही

लेबल मीच छापून घेतलंय, हिरव्या अक्षरात:
करडईचं तेल. लाकडी घाणा. तापू न देता काढलेलं.
गिऱ्हाईक विचारतं, ताई, खरंच तापत नाही का?
मी बाटली त्याच्या हातात देते. बघा, म्हणते.
माझा हात मात्र लागू देत नाही.

सेलूच्या मोंढ्यामागं पत्र्याचं शेड,
दोन घाणे, एक फिल्टर, चौघीजणी,
बँकेचा हप्ता पाच तारखेला. तो कधी चुकला नाही.
दुसरी एक तारीख होती, आतली, तीस वर्षं न चुकलेली.
ती आता आली की अठरा दिवस मुक्काम करते,
नाहीतर अडीच महिने फिरकत नाही,
उधारीवर डबा नेलेल्या पाहुण्यासारखी.

घाण्याचे नियम मला पाठ आहेत.
दोन तास चालला की अर्धा तास बंद.
लाट कोमट लागली तर थांबवायचंच,
मग बाहेर टेम्पो उभा का असेना.
नाहीतर तेल जळतं, वास बदलतो,
गेलेलं नाव परत येत नाही.

हे मी परभणीला प्रशिक्षणात सांगते, माईक धरून,
आणि मधेच एखादा शब्द हरवतो.
परवा 'पेंड' आठवेना.
अकरा वर्षं विकतेय मी पेंड,
आणि चाळीस बायांसमोर म्हणाले,
ते हे… ते खाली राहतं ना, ते.
हसल्या सगळ्या. मीही हसले.
परतीच्या पॅसेंजरमध्ये रडले,
मानवत रोडपासून सेलूपर्यंत, कारण काहीच नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हा.
वर बघितलंसुद्धा नाही.
जाऊबाई म्हणाली, माझी काढली, काही होत नाही बघ.
कंबर धरून उठताना तिला बघितलंय मी.
नवरा म्हणाला, शेड भाड्यानं देऊन टाक.
ज्याला त्याला काही ना काही टाकायचंच होतं.

रात्री तीनला अंगातून भट्टी उठते.
पौषातल्या थंडीत मी गच्चीवर,
जीएसटीचा पासवर्ड आठवत.

मशिनची एक वही आहे.
बेल्ट कधी बदलला, ग्रीस कधी भरलं.
त्यातच मी माझंही लिहायला लागले.
वेगळी वही घेतली असती तर कुणी विचारलं असतं.
'गळती, नववा दिवस.'
'तापली. रात्रीतून चारदा.'
'आवाज वाढला, नसरीनवर, कारण नसताना.'

एकदा गफ्फारभाई मेस्त्री वही चाळत होते.
घाण्याखाली बॅटरी मारली, वाकून, दोनदा.
"ताई, गळती कुठं दिसंना की.
नववा दिवस लिवलंय तुमी."
मी म्हणाले, ती माझी.
त्यांनी वही मिटली. कान तांबडे झाले.
पुसलेलाच पाना पुसत राहिले.
मग म्हणाले, "आमच्या घरात बी असंच हाय,
दोन वर्षं झाली.
मला वाटायचं, उगी चिडती."

परभणीतल्याच एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं,
पाऊण तास ऐकून घेतलं.
हिमोग्लोबिन सात. थायरॉईडची गोळी, उपाशीपोटी.
बाकीचं सावकाश बघू, म्हणाल्या.
पिशवी आहे तिथंच आहे.
बरी झाले असं नाही.
गोळी घेतली का नाही तेच कधी कधी आठवत नाही.

परवा पुण्याची ऑर्डर, दोनशे डबे,
टेम्पोवाला दारात हॉर्न मारतोय.
दोन तास झाले तसा नसरीननं घाणा बंद केला.
माझ्याकडं बघितलं.
पोत्यांच्या थप्पीवर सतरंजी अंथरली,
आणि दारात जाऊन त्याला म्हणाली,
थांबा अर्धा तास.
गरम झालंय.